गावच्या आरोग्य केंद्रामागचा माणूस : सर जोसेफ भोर

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गंगापूर तालुक्यातले लासूर स्टेशन हे बाजारपेठेचे गाव आहे. या परिसरातल्या वाड्या-वस्त्यांवर कुणाला ताप भरला, बाळाला लस द्यायची असली किंवा बाळंतपण जवळ आले, की पहिला विचार होतो तो उपकेंद्राचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा. तिथे भागले नाही तर ग्रामीण रुग्णालय आणि दुखणे फारच बळावले तर संभाजीनगरची ‘घाटी’. खालून वर जाणारी ही उतरंड ग्रामीण महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधीकाळी कुणी तरी बसून कागदावर आखली असेल, असे मनातही येत नाही.

ती आखली एका समितीने. त्या समितीचा अध्यक्ष नाशिकमध्ये जन्मला होता, पुण्यात शिकला होता आणि डॉक्टर मुळीच नव्हता. त्याचे नाव सर जोसेफ विल्यम भोर. वैद्यकीय, नर्सिंग आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना ‘भोर समिती’ हा शब्द पाठ असतो. मात्र पुणे जिल्ह्यातल्या भोर गावाशी या नावाचा संबंध नसून ते एका माणसाचे आडनाव आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

नाशिक, पुणे, लंडन

भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ चा. शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात झाले. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९०२ मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. त्या काळी या सेवेत हिंदी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत. भोर यांना मद्रास इलाखा मिळाला.

१९१४ ते १९१९ या काळात ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. पहिल्या महायुद्धाची ती वर्षे. धान्याची टंचाई, महागाई आणि साथी एकाच वेळी सांभाळाव्या लागत होत्या. पुढे लंडनमध्ये हिंदुस्थानच्या हाय कमिशनरच्या कार्यालयात त्यांनी काम केले आणि १९२२-२३ मध्ये हंगामी हाय कमिशनर म्हणूनही जबाबदारी पाहिली. मायदेशी परतल्यावर शेती, शिक्षण, आरोग्य, उद्योग, कामगार, व्यापार, रेल्वे अशी एकामागून एक खाती त्यांच्याकडे आली. १९३० ते १९३५ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. जपानशी कापडाच्या व्यापारावरून निर्माण झालेला पेच सोडवण्याच्या वाटाघाटींतही हिंदुस्थानची बाजू त्यांनी सांभाळली.

त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्की स्टॉट या डॉक्टर होत्या. भोर यांच्या घरात वैद्यकी होती ती एवढीच. ते स्वतः आयुष्यभर फायली, अंदाजपत्रके आणि माणसे हाताळणारे प्रशासक राहिले. पुढे त्यांच्या हातून जे काम झाले, त्यात याच गुणाचा वाटा मोठा होता. रोग कसा बरा करायचा, हे सांगणारी माणसे देशात होती. पण तीस कोटी लोकांपर्यंत तो उपचार पोहोचवायचा कसा आणि त्याचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि राज्यकारभाराचा जास्त होता.

युद्धाच्या धामधुमीत नेमलेली समिती

ऑक्टोबर १९४३ मध्ये केंद्र सरकारने ‘आरोग्य पाहणी व विकास समिती’ नेमली आणि तिचे अध्यक्षपद निवृत्त झालेल्या भोर यांना दिले. तेव्हा त्यांचे वय ६५ होते. दुसरे महायुद्ध चालू होते. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. दुसरीकडे इंग्लंडमध्ये डिसेंबर १९४२ मध्ये बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला होता आणि युद्धानंतर नागरिकांच्या आजारपणाची, म्हातारपणाची, बेकारीची जबाबदारी सरकारने घ्यावी का, यावर तिथे घरोघरी चर्चा चालू होती. देशातही राष्ट्रीय सभेच्या पुढाकाराने १९३८ मध्ये नेमलेल्या नियोजन समितीने आरोग्यावर वेगळी उपसमिती बसवली होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी तिचे प्रमुख होते. थोडक्यात, प्रश्न हवेत होता. सरकारला त्याचे उत्तर शोधणे भाग होते.

भोर समितीत सरकारी वैद्यकीय अधिकारी होते, खासगी डॉक्टर होते, कायदेमंडळाचे सदस्य होते. डॉ. बिधानचंद्र रॉय आणि डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखी नामवंत वैद्यक मंडळी होती. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशीही होते. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेचे संचालक डॉ. जॉन ग्रँट यांचा अनुभव समितीला विशेष उपयोगी पडला. चीनमध्ये सार्वजनिक आरोग्याचे प्रयोग करून ते इथे आले होते. कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे त्यांच्या संस्थेने ग्रामीण आरोग्य केंद्र चालवून पाहिले होते. गावात उपचार आणि प्रतिबंध एकाच छपराखाली चालवता येतात, हे तिथे प्रत्यक्ष दिसले होते.

समितीने पाहिलेला देश

समितीने आधी आकडे गोळा केले. ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ मध्ये जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६२ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणात आणि त्याच्या गुंतागुंतीत दगावत होत्या. क्षयाने दरसाल पाच लाख माणसे मरत होती. हिवतापाने वर्षाला किमान दहा कोटी लोक अंथरुण धरत होते. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांखालच्या मुलांचे होते.

आणि या सगळ्याला तोंड द्यायला होते काय? सुमारे ४७ हजार डॉक्टर, म्हणजे सहा हजारांहून जास्त माणसांमागे एक. परिचारिका सात हजारांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४३ हजार माणसांमागे एक. देशभरातल्या रुग्णालयांत मिळून सुमारे ७३ हजार खाटा. हजार माणसांमागे खाटांचे प्रमाण पाव खाटसुद्धा नव्हते. तेव्हा इंग्लंडमध्ये ते सातच्या वर आणि अमेरिकेत दहाच्या वर होते. जे डॉक्टर होते, तेही बहुतेक शहरांत. खेड्यातल्या माणसाला डॉक्टर दिसायचा तो तालुक्याच्या दवाखान्यात आणि तिथवर पोहोचायला बैलगाडीचा रस्ता.

पैसे कुणी द्यायचे?

यातून समितीसमोर मूळ प्रश्न उभा राहिला. आजारी माणसाच्या उपचाराचा खर्च कुणी करायचा? रुग्णाने स्वतः, विमा कंपनीने, मालकाने की सरकारने?

तेव्हा एक उत्तर तयार होत होते. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर या मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे कारखान्यांतील कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम दिले होते. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजही कारखान्यांतले कामगार ‘ईएसआय’ म्हणून ओळखतात ती हीच योजना. तिचे तत्त्व सरळ आहे. पगारातून थोडी वर्गणी कापायची, मालकाने आपली भर घालायची आणि त्या पैशातून उपचार द्यायचे.

पण त्यासाठी पगार असावा लागतो, हजेरीपट असावा लागतो, मालक माहीत असावा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे काय? शेतमजुराचे काय? ज्याची कमाई पावसावर ठरते, त्याच्याकडून दरमहा वर्गणी कशी आणि कुणी वसूल करायची? देशातली बहुसंख्य माणसे याच वर्गातली होती. त्यामुळे विम्याची वाट कारखान्याच्या फाटकापाशीच थांबत होती.

दुसरा मार्ग होता तो ऐपतीप्रमाणे फी घेण्याचा. श्रीमंताने पैसे द्यावेत, गरिबाला माफी असावी. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण दाराशी आलेल्या प्रत्येक रुग्णाची ऐपत तपासायची म्हणजे दाखले आले, चौकशी आली, शिफारस आली. ज्याला दाखला मिळवता येत नाही, तोच बहुधा सर्वांत गरजू असतो.

समितीने निष्कर्ष काढला तो असा : पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहता कामा नये. निदान सध्याच्या स्थितीत तरी सरकारी वैद्यकीय सेवा भेदभाव न करता सर्वांना मोफत असावी. ज्यांना परवडते त्यांनी आपला वाटा दवाखान्याच्या खिडकीवर न देता करांच्या रूपाने सरकारी आणि स्थानिक तिजोरीत द्यावा. सरकारी डॉक्टरांना पूर्ण वेळ पगार असावा आणि त्यांनी खासगी व्यवसाय करू नये, असेही समितीने सुचवले. ज्या डॉक्टरचे पोट फीवर अवलंबून असते, त्याला रोग होऊच नये म्हणून घरोघर फिरायला सवड कशी मिळणार, हा त्यामागचा विचार.

तिकडे अमेरिकेत

हाच वाद त्याच वेळी अमेरिकेतही पेटत होता आणि दोन्हीकडचे धागे एकमेकांत गुंतलेले होते. भोर समितीने सल्ल्यासाठी बाहेरच्या देशांतून तज्ज्ञ बोलावले. त्यांत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले डॉ. जोसेफ माउंटिन होते आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वैद्यकाच्या इतिहासाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट होते. आरोग्यसेवा ही विकाऊ वस्तू नसून शिक्षणासारखी सार्वजनिक सेवा असावी, असे सिगरिस्ट अमेरिकेत अनेक वर्षे मांडत होते. त्यासाठी तिथे त्यांना टीकाही सोसावी लागली होती. १९४४ च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले.

नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. सरकारने पैसा दिला की सरकार डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये येऊन बसेल, डॉक्टर नोकर होईल, रुग्णाचे निवडीचे स्वातंत्र्य जाईल, अशी भीती घालण्यात आली. १९४९ मध्ये संघटनेने प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर गोळा करून देशभर प्रचार केला. कम्युनिस्टांच्या भीतीचा तो काळ होता. प्रस्ताव बारगळला. सिगरिस्ट १९४७ मध्येच अमेरिका सोडून स्वित्झर्लंडला गेले होते.

अमेरिकेत वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजना यायला १९६५ उजाडले. बाकीच्यांसाठी खासगी विमा हाच आधार राहिला आणि तो बहुतेकदा नोकरीशी बांधलेला. नोकरी गेली की विमा गेला. २०१० मध्ये बराक ओबामा यांच्या काळात विम्याची व्याप्ती वाढवणारा कायदा झाला, तरी सर्वांच्या उपचाराचा भार सरकारने उचलावा का, हा वाद तिथल्या प्रत्येक निवडणुकीत पुन्हा डोके वर काढतो. इंग्लंडने मात्र ५ जुलै १९४८ रोजी करांतून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. भोर समितीने तिच्या दोन वर्षे आधी हिंदुस्थानसाठी जवळपास तीच दिशा कागदावर मांडली होती.

आराखडा आणि मतभेद

अहवाल १९४६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात दोन योजना होत्या. दूरच्या योजनेत दहा ते वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र आणि त्याला ७५ खाटांचे रुग्णालय, त्यावर मोठे दुय्यम रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटा अशी रचना होती. ते उभे राहायला तीस-चाळीस वर्षे लागतील, हे समिती जाणून होती. म्हणून तिने पहिल्या दहा वर्षांसाठी आटोपशीर योजना दिली. ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, स्वच्छता निरीक्षक, औषधनिर्माता आणि इतर कर्मचारी. प्रत्येक गावात आरोग्य समिती असावी, म्हणजे लोकांचाही त्यात हात राहील, अशीही सूचना होती. पुढे १९५६ मध्ये दिल्लीत उभी राहिलेली ‘एम्स’ ही संस्थाही याच अहवालातल्या कल्पनेतून आली.

अहवाल एकमुखी नव्हता. तेव्हा देशात दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत : विद्यापीठाची पदवी घेतलेले आणि कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळवलेले. छोट्या गावांत जाऊन बसणाऱ्यांत हे दुसऱ्या प्रकारचे डॉक्टर बरेच होते. समितीच्या बहुमताने यापुढे एकच, पदवीधर डॉक्टर तयार करावा असे ठरवले. काही सदस्यांनी त्याला लेखी विरोध नोंदवला. डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना हा दरवाजा बंद केला तर खेडी ओस पडतील, असे त्यांचे म्हणणे होते. गावात डॉक्टर का टिकत नाही, हा आजचा प्रश्न पाहता त्यांची शंका अगदीच चुकीची होती असे म्हणता येत नाही.

आयुर्वेद आणि युनानी यांच्याबाबत समितीने ठोस भूमिका न घेता तो विषय प्रांतांवर सोपवला. खेड्यातला माणूस ज्या वैद्य-हकिमांकडे जात होता, त्यांना आराखड्यात जागाच नव्हती. त्यावरही टीका झाली. आणि सर्वांत मोठा आक्षेप होता तो खर्चाचा. एवढा पैसा येणार कुठून?

लासूरपर्यंत पोहोचलेली वाट

भोर समितीचे काम ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. नाशिक त्यात येत होते. पण मनमाडच्या पुढे लोहमार्ग निजामाच्या हद्दीत शिरत असे आणि लासूरसह सगळा औरंगाबाद जिल्हा त्या अहवालाच्या नकाशाबाहेर होता. म्हणजे भोर यांच्या जन्मगावापासून रेल्वेने काही तासांवर असलेल्या या भागाला त्यांची योजना कागदावरही लागू नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राला.

दरम्यान २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. पण समितीने ४० हजारांमागे एक म्हटले होते, तिथे सुरुवातीला साठ हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गटामागे एक केंद्र आले. कर्मचारीही सुचवल्यापेक्षा कमी. नकाशा भोर यांचा होता, पण शिधा अर्धाच मिळाला. भोर समितीचेच सदस्य असलेले डॉ. मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६१ मध्ये आढावा घेतला, तेव्हा आधी असलेली केंद्रे नीट बळकट करा, मग नवी काढा, असे सांगण्याची वेळ आली.

भोर हे पाहायला नव्हते. ऑगस्ट १९६० मध्ये, ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजचा हिशेब

आज सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २० हजार आणि ३ हजार असा निकष आहे. केंद्रांच्या संख्येचा निकष भोर यांच्या दहा वर्षांच्या योजनेपेक्षाही पुढे गेला आहे. हजारामागे १६२ असलेला बालमृत्यूदर २०२० मध्ये देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ पर्यंत उतरला. लसीकरण, हिवतापाचे नियंत्रण, दवाखान्यातली बाळंतपणे हे सगळे ज्या यंत्रणेमार्फत घडले, तिचा पाया त्या चार खंडांत आहे.

पैशाचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. २०१४-१५ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६२.६ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. तरीही घरातल्या एका मोठ्या आजारपणात दागिना गहाण पडतो, जनावर विकले जाते, सावकाराचे दार ठोठवावे लागते, हे खेड्यापाड्यांत कुणाला नवे नाही. सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

सध्या दोन वाटा शेजारी शेजारी चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांत सरकार ठरावीक उपचारांचा खर्च रुग्णालयाला देते, मग ते रुग्णालय खासगी असले तरी चालते. शस्त्रक्रियेची, कर्करोगाची, हृदयविकाराची वेळ आली तर त्याचा मोठा आधार होतो. पण रोजचा ताप, मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, गरोदरपणातली देखरेख यांचा खर्च अशा योजनांतून बहुतेकदा भागत नाही. त्यासाठी जवळचे सरकारी केंद्रच चालू असावे लागते. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत तपासणी व उपचार मोफत केले. केस पेपरचे पैसेही बंद झाले. १९४६ मध्ये भोर समितीने सुचवलेली गोष्ट अशी ७७ वर्षांनी दवाखान्याच्या खिडकीवर आली.

पण खिडकीवर पैसे लागत नाहीत म्हणजे उपचार मिळतोच असे नाही. डॉक्टर हजर असावा लागतो, औषध साठ्यात असावे लागते, परिचारिकेची जागा भरलेली असावी लागते. केंद्राच्या इमारतीपेक्षा त्यात बसणारी माणसे महत्त्वाची, म्हणून भोर समितीने दोन डॉक्टरांबरोबर चार परिचारिका आणि चार सुईणी मोजून लिहिल्या होत्या. गावच्या आरोग्य केंद्राचा हिशेब मागताना ग्रामसभेने आणि रुग्ण कल्याण समितीने पाहावे तेही हेच : किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि आज कोण हजर आहे.